बंद लिहिलेली खिंड

मी दहाव्या खांबाला पाठ लावून बसले तेव्हा नऊ खांब उपटून झाले होते. रस्त्याच्या कडेला एकावर एक रचून ठेवले होते, सरपणासारखे. खिंडीच्या वाटेवर असे एकशे सतरा खांब आहेत. माणसाच्या दुप्पट उंचीचे, वरचा हातभर भाग काळा-पिवळा रंगवलेला. बर्फ पडलं की वाट दिसत नाही, खांबांची डोकी तेवढी दिसतात. एका डोक्यापासून दुसऱ्या डोक्यापर्यंत चालत राहायचं, म्हणजे माणूस दरीत जात नाही. खांब काढले की खिंड संपली. तिला वेगळं कुलूप लावावं लागत नाही.

खांब काढणाऱ्यांचा म्होरक्या भला माणूस होता. तो माझ्यासमोर उकिडवा बसला.

"आजी, उठा. वरून हुकूम आहे."

"दाखव."

"काय दाखवू?"

"हुकूम."

त्याने खिशातून कागद काढला आणि हसत माझ्या हातात दिला. म्हातारीला अक्षर कुठलं कळतंय, असं ते हसणं होतं. सहा महिन्यांपूर्वी त्याचं बरोबर ठरलं असतं. मी पिशवीतून चष्मा काढला, पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"मला वाचायला वेळ लागतो," मी म्हटलं. "तोवर तुम्ही चहा घ्या."

त्यांच्याकडे थर्मास होता. चौघे दगडांवर बसले. 'कार्यकारी' या शब्दापाशी मी बराच वेळ अडकले. एकाला दया आली. म्हणाला, "आणा इकडे, मी वाचून दाखवतो."

"दुसऱ्याने वाचून दाखवलेल्यावर मी जन्मभर अंगठा दिलाय," मी म्हटलं. "आता राहू दे."

खिंडीवर चार शिखरं उभी आहेत. वाटेवरचं बर्फ काढणाऱ्या आमच्या टोळीने त्यांना आपल्या सोयीची नावं दिली आहेत. शेजारी शेजारी दोन सुळके आहेत ती जोडी. त्यांच्या डोक्यावरून बर्फाचा धूर कुठे उडतो ते पाहून वारा कळतो. उत्तरेला मुका आहे. तो कधी आवाज करत नाही, म्हणून त्याला सगळ्यात जास्त भ्यायचं. आणि वाटेच्या थेट डोक्यावर आत्याबाई. ती न बोलावता येते आणि येताना काहीतरी घेऊनच येते. थंडीत बर्फ, आणि थंडीच्या आधी दगड. रात्रभर गारठ्याने धरून ठेवलेले दगड, ऊन तिच्या माथ्यावर पोचलं की ती एकेक सोडायला लागते. म्हणून दहाच्या आत तिच्या पायाखालून निघून जायचं, हा आमचा पहिला धडा. दहावा खांब तिच्या बरोबर पायाखाली आहे.

मी सातव्या ओळीवर होते तेव्हा पहिला दगड आला. लहानच होता, पण टणटण उड्या मारत आमच्या वरून दरीत गेला. चौघेही उठले. म्होरक्याने वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आजी, तुम्ही हे मुद्दाम केलंत."

"वेळ लागतो, असं आधीच सांगितलं होतं की."

ते खाली पळाले. कागद माझ्याकडेच राहिला. मी दोन खांबांच्या अंतराइतकी खाली सरकून एका कपारीत बसले आणि उरलेल्या ओळी तिथे वाचल्या. त्यात लिहिलं होतं की आता दुसऱ्या खोऱ्यात जाणारा बोगदा झाला आहे, आणि मागील अकरा वर्षांच्या नोंदींप्रमाणे ही खिंड हिवाळ्यात पूर्णपणे बंद असते, सबब हा रस्ता यादीतून कमी करण्यात येत आहे.

'पूर्णपणे बंद' हे मी तीनदा वाचलं. मला वाटलं मीच चुकते आहे.

ती अकरा वर्षं माझी होती. नवरा गेल्यावर टोळी माझ्याकडे आली, आणि अकरा हिवाळे मी मुकादम होते. सहा माणसं, सहा फावडी, एक स्ट्रेचर. पलीकडे छत्तीस घरांचं गाव आहे. माझी मुलगी तिथे दिली आहे. थंडीत त्या गावाला दवाखाना, दुकान, टपाल जे काही आहे ते या खिंडीतून. बोगदा त्यांच्या कामाचा नाही, तो भलत्याच दिशेला निघतो. नदीकाठची दुसरी वाट डिसेंबरात गोठते. खिंड बंद म्हणजे चार महिने ते गाव डबीत बंद.

दुसऱ्या दिवशी टोळीतले दोघे आणि मी, आम्ही ते नऊ खांब होते तिथेच परत पुरले. पहाटे सुरू केलं आणि दहाच्या आत संपवलं. मग मी खाली कार्यालयात गेले.

तिथल्या शिपायाला म्हटलं, "खिंडीची नोंदवही बघायची आहे."

"बघून काय करणार?"

"वाचणार."

त्याने अकरा वह्या टेबलावर आणून टाकल्या. मी मधलीच एक उघडली. तारीख, समोर एक शब्द, शेवटी अंगठा. खालच्या ओळीत पुन्हा तारीख, तोच शब्द, अंगठा. वाचायला मुळीच वेळ लागला नाही, कारण पानभर शब्द एकच होता. बंद. बंद. बंद. पुढच्या पानावर बंद. पुढच्या वहीत बंद. अक्षर सुरेख होतं, मोत्यासारखं. ते याच कार्यालयात कारकून असलेल्या माझ्या दिराचं होतं. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटचा निळा अंगठा माझा होता.

दर शनिवारी भाऊजी वही घेऊन खिंडीच्या पायथ्याला टोळीच्या चौकीवर यायचे. मी फावडं ठेवायची, हात पुसायची आणि आठवड्याचे सात अंगठे एकदम उठवायची. काय लिहिलंय असं एकदाही विचारलं नाही. घरचाच माणूस लिहितोय, आणि आम्ही रोज खिंड पार करतोय हे त्यांना ठाऊक आहे, मग विचारायचं काय? बर्फात मी कधी पाऊल न चाचपता टाकलं नाही. कागदावर मात्र अकरा वर्षं डोळे मिटून चालले.

भाऊजी गेल्या वसंतात निवृत्त झाले. मी गेले तेव्हा ते अंगणात उन्हात बसून पेन्सिलींना टोकं काढत होते. निवृत्त माणसाला इतक्या पेन्सिली कशाला लागतात, देव जाणे.

"या वहिनी. वाचायला शिकलात म्हणे."

"शिकले. तुमच्या वह्या वाचून आले."

त्यांचा चाकू थांबला. "एवढ्या उशिरा अक्षरं शिकलात आणि पहिलं माझंच वाचलंत?"

"मग कुणाचं वाचू? आमच्याबद्दल तेवढंच कुणी लिहिलंय."

त्यांनी पेन्सिलीवर फुंकर घातली.

"बंद का लिहिलंत?"

"तुम्हाला कार्यालय कळत नाही, वहिनी. चालू लिहिलं आणि कुणाचं काही बरंवाईट झालं, तर पहिला प्रश्न, चालू कुणी लिहिलं? तुम्ही वर जाऊन पाहिलंत का? बंद लिहिलं की कुणी काही विचारत नाही. बंदला जाब नसतो."

"आणि आम्ही रोज वर जात होतो ते?"

"ते मी अडवलं होतं का? तुम्ही जात होता, मी लिहीत होतो. दोघांचंही काम चाललं."

दारात माझी धाकटी जाऊ उभी होती. ती म्हणाली, "यांची सवयच आहे ताई. मोरीतला नळ तीन वर्षं गळतोय. विचारलं तर म्हणतात, बंद आहे."

"तू मध्ये बोलू नको," भाऊजी म्हणाले.

मी म्हटलं, "मी कार्यालयात तक्रार दिली आहे. पुढच्या बुधवारी तिची सुनावणी आहे. तिथे येऊन एवढंच सांगा की नोंद चुकीची आहे."

"ते जमायचं नाही. तेहतीस वर्षांत माझ्या वहीत एक खाडाखोड नाही. त्याबद्दल शाल देऊन सत्कार केलाय माझा. आणि अंगठा तुमचा आहे, वहिनी. मी काही तुमचा हात धरून उठवला नाही."

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. मी उठले. जावेने चहा आणला होता, तो उभ्यानेच प्यायले आणि निघाले.

घरी सून शिलाई मशीनवर बसली होती. तिनेच मला शिकवलं. पलीकडून नातीची पत्रं यायची आणि ती दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा मला कंटाळा आला होता. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ती अक्षरं काढून द्यायची. पहिला शब्द कुठला शिकायचा असं तिने विचारलं तेव्हा मी खिंड म्हटलं. ती म्हणाली, "तो अवघड आहे आई, आधी घर शिका." मी म्हटलं, "घर मी पाहिलंय."

तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या दोऱ्या कुठे आहेत?"

दोऱ्या माळ्यावर होत्या, पोत्यात. टोळीत कुणालाच लिहिता येत नव्हतं, म्हणून आमचा हिशेब दोरीवर असायचा. पहिलं बर्फ पडलं की नवी दोरी. खिंड पार केली त्या दिवशी एक साधी गाठ. कुणाला स्ट्रेचरवर आणलं तर दुहेरी गाठ. आणि ज्या दिवशी खरोखर जाता आलं नाही त्या दिवशी गाठ नाही, एक चिंधी बांधायची. चिंधी बांधताना टोळीत कुणी बोलायचं नाही. अपमान झाल्यासारखं वाटायचं. अकरा हिवाळे, अकरा दोऱ्या.

सुनेने आणि मी त्या घरभर पसरल्या. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत, मशीनच्या चाकाला वळसा घालून. दोन दिवस आम्ही मोजत होतो. एकूण तेराशे चौदा दिवस. त्यात चिंध्या एकशे बासष्ट.

"पण आई," सून म्हणाली, "तारखा कुठे आहेत? ते म्हणतील या गाठी तुम्ही काल बांधल्या."

मी तिसऱ्या हिवाळ्याची दोरी ओढून घेतली आणि बोटाने चाचपत गेले. मध्याच्या थोडं पुढे एक दुहेरी गाठ होती, आणि तिच्यात लाल लोकर गुंफलेली होती. बाकी कुठल्याच गाठीत लोकर नव्हती.

"ही तारीख मला पाठ आहे," मी म्हटलं.

सुनावणी कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होती. खोलीत हिटर लावलेला, टेबलावर काच, काचेखाली डोंगरांचा नकाशा. साहेब तरुण होते, बोलायला नम्र. त्यांच्या उजव्या हाताला अकरा वह्या रचलेल्या, आणि वह्यांच्या बाजूला भाऊजी. नोंदी खऱ्या आहेत हे सांगायला कार्यालयाने त्यांना बोलावलं होतं. कोट इस्त्रीचा, खिशात पेन. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी पोतं टेबलावर ठेवलं.

"हे काय आजी?"

"आमची नोंदवही."

साहेबांनी एक दोरी बाहेर काढली, गाठी पाहिल्या, चिंध्या पाहिल्या. हसले नाहीत, त्याचं मला बरं वाटलं. मी कुठली गाठ कशाची ते समजावून सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत होते.

"आजी, माझा तुमच्यावर विश्वास आहे," ते म्हणाले. "पण दोरी हा कागद नाही. माझ्यासमोर तेराशे ओळी आहेत आणि त्याखाली तुमचा अंगठा आहे."

"अंगठा माझा, शब्द माझा नाही."

"ते सिद्ध कसं करणार?"

सुनेने पिशवीतून नातीचा जन्माचा दाखला काढून काचेवर ठेवला. तो इथल्याच, खिंडीच्या अलीकडच्या दवाखान्याचा होता. वर तारीख होती, वेळ दुपारी तीन. आईचा पत्ता पलीकडच्या गावचा.

"साहेब, या तारखेची ओळ काढा," मी म्हटलं.

त्यांनी तिसरी वही उघडली, बोट खाली आणलं. "बंद."

"त्याच्या आधीचा दिवस?"

"बंद. आधीचा आठवडाही बंदच आहे."

"मग माझी लेक पोटुशी अलीकडे आली कशी? आत्याबाईने तर नाही ना फेकून दिली?"

साहेबांना आत्याबाई कोण ते कळलं नाही. पण ते दाखल्याकडे आणि वहीकडे आळीपाळीने पाहत राहिले. मग म्हणाले, "आधीच येऊन राहिली असेल. महिनाभर आधी. लोक करतात तसं."

मी त्याच शंकेची वाट पाहत होते. भाऊजींकडे वळले.

"भाऊजी, त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

भाऊजींनी वहीवरची धूळ बोटाने पुसली. धूळ नव्हतीच.

त्या दिवशी शनिवार होता. भाऊजी अंगठे घ्यायला चौकीवर आले होते, नेहमीसारखे. पहाटे पलीकडून निरोप आला होता की पोरीला कळा लागल्या आहेत, मूल आडवं आहे. टोळीतले दोघे तापाने पडलेले. स्ट्रेचरला माणूस कमी पडत होता. मी वही त्यांच्या हातातून काढून खुंटीला अडकवली आणि म्हटलं, भाऊजी, चला. त्यांना नाही म्हणायलाही वेळ मिळाला नाही. आम्ही आत्याबाई जागी व्हायच्या आधी वर गेलो, पलीकडे उतरलो, लेकीला लाल घोंगडीत गुंडाळलं आणि परत चढलो. येताना भाऊजी भीतीने खांब मोठ्याने मोजत होते. एक, दोन, तीन. लेक कळांमधून म्हणाली, काका, हळू मोजा.

हे सगळं मी तिथे बोलले नाही. मी एवढंच विचारलं, "किती खांब मोजलेत?"

भाऊजींनी खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं.

"बेचाळीस," भाऊजी म्हणाले. आवाज इतका बारीक की साहेब पुढे वाकले. "बेचाळिसाव्याला माझा पाय सरकला. वहिनींनी कॉलर धरली. मी पुढच्या दांड्याला होतो."

"तुम्ही स्वतः होता?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"मग त्याच दिवशी तुम्ही बंद लिहिलंत?"

भाऊजींनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे. "लिहायला बसलो होतो, साहेब. चालू लिहायचं म्हणूनच बसलो होतो. वही उघडली आणि वरच्या सगळ्या ओळी दिसल्या. बंद, बंद, बंद. एका दिवशी चालू लिहिलं असतं तर त्या सगळ्या खोट्या पडल्या असत्या. दोन वर्षांच्या. त्या दिवशी मला त्या ओळींचीच जास्त भीती वाटली."

मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही होता आठवडाभर. पण बेचाळीस हा आकडा त्यांनी आठ वर्षं जपून ठेवला होता, आणि ते मला माहीत नव्हतं.

साहेबांनी तिसऱ्या हिवाळ्याची दोरी हातात घेतली. लाल लोकरीपासून मागे मोजत गेले, मग पुढे. दवाखान्यात फोन लावला आणि त्या हिवाळ्यात पलीकडून आणलेल्या आणखी चार रुग्णांच्या तारखा विचारल्या. चार तारखा, चार दुहेरी गाठी. एक तर त्यांनी स्वतःच आधी बोटाने शोधून ठेवली होती आणि फोनवर तारीख ऐकून मान हलवली.

निकालाचा कागद पंधरा दिवसांनी आला. तो वाचायला मला आधीच्यापेक्षा कमी वेळ लागला. रस्ता या हिवाळ्यापुरता यादीत ठेवण्यात येत आहे. पुढचं या हिवाळ्याच्या नोंदी पाहून ठरेल. रोजची नोंद प्रत्यक्ष खिंडीत जाऊन करावी, आणि तिच्यावर दोन व्यक्तींच्या सह्या असाव्यात. सून म्हणाली, "एकाच हिवाळ्याचं आहे, आई." मी म्हटलं, "आम्हाला कधी एकापेक्षा जास्त मिळाला होता? प्रत्येक वेळी एकच यायचा."

दुसरी सही कुणाची, हे मला शोधावं लागलं नाही. मी भाऊजींच्या घरी गेले आणि दारातच नवी वही त्यांच्या हातात दिली.

"मी निवृत्त आहे, वहिनी."

"अक्षर निवृत्त झालेलं नाही. उद्या पहाटे पाचला चौकीवर या. बूट चांगले घाला."

"मला गुडघ्याचा त्रास आहे."

आतून जाऊबाईंचा आवाज आला, "येतील हो ताई. मी उठवते चारला."

पहिलं बर्फ गेल्या आठवड्यात पडलं. आज सकाळी आम्ही सातवा फेरा केला. जोडीच्या डोक्यावरून धूर पूर्वेला उडत होता, म्हणजे वारा ठीक. मुका गप्प होता, म्हणून त्याच्याखालून आम्हीही गप्प गेलो. भाऊजी अजून मोजतात, पण आता मनातल्या मनात. ओठ हलताना दिसतात. चाळिसाव्या खांबाशी ते थांबले, खांबाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, आज बंद लिहूया. पुढे कोण बघायला येतंय."

"तुमचे गुडघे बंद असतील, भाऊजी. खिंड चालू आहे."

"तुम्ही फार कडक आहात."

"चला. अजून सत्याहत्तर आहेत."

ते निघाले. पलीकडच्या उतारावर, शेवटच्या खांबाशी लेक आणि नात उभ्या होत्या. नातीच्या हातात पत्र होतं. टपालाने पाठवण्यापेक्षा हातात द्यावं म्हणून ती स्वतःच चालत आली होती. तिथेच बर्फावर बसून भाऊजींनी मांडीवर वही उघडली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि त्या सुरेख अक्षरात एक शब्द लिहिला. वही माझ्यापुढे केली आणि सवयीने दुसऱ्या हाताने शाईचा पॅड काढू लागले.

मी पॅड बाजूला सारला. आधी त्यांचा शब्द बोट ठेवून वाचला, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग सही केली. माझं नाव लांब आहे, वेळ लागला. भाऊजी वर आत्याबाईकडे पाहत म्हणाले, "लवकर आटपा, ऊन येतंय." मी म्हटलं, "येऊ दे."

मग घरून आणलेली दोरी काढून मी तिला सातवी गाठही मारली. कागदावर भरवसा ठेवला नाही असं नाही. पण दोन्ही असू द्यावीत.